पोरांना दूरदर्शन-आकाशवाणी नकोय, हे कुणी ठरवलं?

गेले चार-पाच दिवस एक मेसेज फिरतोय. गावच्या ग्रुपवर आला, कॉलेजच्या ग्रुपवर आला, परवा आमच्या मामांनी पण टाकला. म्हणणं असं की आजची पिढी दूरदर्शन-आकाशवाणीकडं ढुंकून बघत नाही, त्यांना फक्त रील लागतात, हा सगळा सरकारी भोंगा आपल्या टॅक्सवर चाललाय आणि आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे तर बंद करा एकदाचं. मी 23 वर्षांचा आहे, म्हणजे ज्यांच्या नावावर हा मेसेज खपवलाय त्यातलाच एक, म्हणून उत्तर देतोय.

"पोरं बघतच नाहीत." टीव्हीसमोर बसून बघत नाहीत, हे मान्य. पण सांगलीत विश्रामबागला मी ज्या अभ्यासिकेत बसतो तिथं एकदा सकाळी येऊन बघा. एमपीएससी करणारी निम्मी पोरं कानात हेडफोन घालून आकाशवाणीचं बातमीपत्र ऐकत असतात. माझ्या शेजारच्या टेबलवर कवठेमहांकाळची एक मुलगी बसते, ती युट्यूबवरचं बातमीपत्र दीडपट स्पीडला लावते, वहीच्या पानाला मधोमध रेघ मारलेली, डावीकडं योजनेचं नाव, उजवीकडं कुठलं खातं, आणि पंधरा मिनिटात पान भरतं. तिला विचारलं खाजगी चॅनेल का नाही लावत, तर म्हणली अर्धा तास भांडणं ऐकली तरी वहीत दोन ओळी होत नाहीत. संध्याकाळी कुणी ना कुणी संसद टीव्हीवरची चर्चा लावलेली असतेच (ते दूरदर्शन-आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारतीचं नाही, संसदेचं आहे, पण लोकांच्याच पैशाचं). आता ह्यातलं टीआरपीत काय येतं? काहीच नाही. ते मीटर घरातल्या टीव्हीला जोडलेलं असतं, आमच्या मोबाईलला नाही.

आणि छपरावरच्या अँटेनावर दूरदर्शन दिसायचं ते जुने ट्रान्समीटर 2022 पर्यंत बहुतेक सगळे बंदच केले. सिग्नल काढून घ्यायचा आणि वर म्हणायचं पोरं बघत नाहीत, हे कुठलं गणित?

"फक्त रील लागतात." रील आम्ही बघतो, मी पण बघतो, रात्री एक-दीड वाजतो कधी कधी. पण लॉकडाऊनमधलं सांगतो. 2020 च्या जुलैमध्ये दूरदर्शनच्या सह्याद्रीवर 'टिलीमिली' हा अभ्यासाचा कार्यक्रम सुरू झाला, पहिली ते आठवीच्या पोरांसाठी. माझी बहीण तेव्हा सातवीत होती. घरात अँड्रॉइड मोबाईल एकच, तो पप्पा घेऊन जायचे, मग ऑनलाइन शाळा कशावर करायची? टीव्हीला दूरदर्शनचं फ्री डिश होतं म्हणून ही रोज वही-पेन घेऊन जमिनीवर बसायची, शेजारची दोन पोरं पण यायची, आणि लाईट गेली की तिघंही रडकुंडीला यायची. ती आता बारावीत आहे. त्या वयाच्या मुलांना विचारा सह्याद्री काय आहे, त्यांना नीट आठवतंय.

टॅक्सचं. पगार आणि मोठा खर्च सरकारी पैशातनं होतो, बरोबर आहे. पण फ्री डिश 2004 पासून आहे, एकदा छत्री बसवली की महिन्याला रुपया द्यावा लागत नाही, आणि त्याच्यावर जागा मिळावी म्हणून खाजगी चॅनेलवाले लिलावात बोली लावतात, त्यातनं वर्षाला शेकडो कोटी येतात. म्हणजे नुसता तोटाच आहे असं नाही.

"सरकारी भोंगा" ह्यावर मात्र मी मेसेजवाल्याशी अर्धा सहमत आहे. प्रसार भारतीचा कायदा 1990 चा, लागू व्हायला 1997 उजाडलं, आणि कागदावर स्वायत्त असून पैसा सरकारच्या हातात असल्यावर बातम्यात काय होतं ते आम्हाला कळतं, आम्ही आंधळे नाही. अभ्यासिकेतली पोरं पण म्हणतात, योजनांची माहिती चांगली मिळते पण सरकारला प्रश्न विचारलेला कधी ऐकू येत नाही. पण 1995 साली सुप्रीम कोर्टानं सांगून ठेवलंय की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. म्हणजे त्या सरकारच्या पण नाहीत आणि कुठल्या शेठच्या पण नाहीत. आपली वस्तू बिघडली तर दुरुस्त करून मागायची का मोडीत घालायची?

आता शेवटचं, "मोबाईल आहे ना सगळ्यांकडं." हे वाचून मला खरंच राग आला. आमचं गाव पलूस तालुक्यात, कृष्णेच्या काठाला. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाला पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तिथं धोक्याची पातळी 45 आहे. आम्ही चुलत्यांच्या दुसऱ्या मजल्यावर अकरा माणसं होतो. लाईट पहिल्याच दिवशी गेली, दुसऱ्या दिवशी रेंज गेली, तिसऱ्या दिवशी सगळे मोबाईल बंद. त्याआधी जेवढी रेंज होती तेवढ्यात व्हॉट्सॲपवर काय यायचं, वरच्या कोयना धरणातनं एवढं सोडलं, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचे दरवाजे बंद, रात्रीत अजून दहा फूट येणार, आणि त्यातलं खरं कुठलं हे कुणालाच कळत नव्हतं, चुलती नुसती रडायची. मग आजोबांनी पेटीतनं रेडिओ काढला, भिंतीवरच्या घड्याळातला सेल आणि बॅटरीतला एक सेल असं करून तो चालू केला आणि सकाळी प्रादेशिक बातम्या लागल्या. खरखर होती, पण तीन दिवसात पहिल्यांदा कुणीतरी आकडा सांगितला आणि तो सगळ्यांनी एकदम गप बसून ऐकला.

सांगलीला आकाशवाणी 1963 पासून आहे. मामा, मेसेज फिरवायचाच असेल तर हा फिरवा, की पाणी 40 फुटांच्या वर गेलं की तिथनं दर तासाला आयर्विनची पातळी आणि कोयना-अलमट्टीचा विसर्ग सांगा, रेडिओवर पण आणि मोबाईलवर पण. सगळ्यात आधी आमच्याच वयाची पोरं लावतील.