औंधच्या राजाच्या काळातले आम्ही

सर, नमस्कार. माझ्या चित्रांवरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. आधी राग आला, मग अर्धी पटली. तुमचं म्हणणं असं: खिशात मोबाईल असताना हुबेहूब चित्र काढणं ही हमाली आहे, मोठ्या गॅलऱ्यांनी ती कधीच मोडीत काढली, आणि आम्ही साताऱ्याकडचे ‘अजून औंधच्या राजाच्या काळात’ आहोत. शिवाय माझ्या वाईजवळच्या मेणवली घाटाच्या चित्रातल्या सावल्या मेलेल्या आहेत.

औंधच्या राजाच्या काळात राहायला मिळालं तर मी आजच सामान बांधतो. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रं काढायचे. त्यांनी १९३८ साली उभारलेल्या संग्रहालयात रविवर्मा, धुरंधर यांची चित्रं आहेत आणि त्याच छपराखाली हेन्री मूर या आधुनिक इंग्रज शिल्पकाराचं आई-मुलाचं शिल्पही आहे. एकदा येऊन बघा, मग मागासलेलं कोण ते ठरवू.

आता हमालीचं. मागच्या वर्षी आत्याचं व्यक्तिचित्र केलं. सुरुवातीला आळस करून मोबाईलवर फोटो काढला. जवळून काढल्यामुळे नाक फुगलं, कान मागे पळाले, हनुवटीखाली नुसतं डांबर. शेवटी तिला उत्तरेकडच्या खिडकीपाशी बसवलं. त्या डांबराच्या जागी तिच्या हिरव्या लुगड्याचा उजेड उसळलेला दिसला! पहिल्या बैठकीत ती फोटोला बसावं तशी ताठ होती, दुसरीत वैतागली. तिसरीत मला विसरून रेशनच्या तांदळाबद्दल स्वतःशीच पुटपुटायला लागली. मी रंगवला तो हा चेहरा. गळ्यातली माळ, मागचं कपाट, निम्म्या सुरकुत्या गाळल्या. काय गाळायचं हे ठरवण्यातच चौथी बैठक गेली. याला हुबेहूब म्हणायचं असेल तर म्हणा.

गॅलऱ्यांचं थोडक्यात. सुधीर पटवर्धन ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करत आसपासची साधी माणसं आणि रस्ते रंगवत राहिले; त्यांना कुणी मोडीत काढल्याचं ऐकिवात नाही. वासुदेव कामतांच्या व्यक्तिचित्राला २००६ साली अमेरिकेतल्या पोर्ट्रेट सोसायटीचा ड्रेपर पुरस्कार मिळाला. ब्रिटिश चित्रकार लुसियन फ्रॉईडचं सोफ्यावर झोपलेल्या स्थूल बाईचं चित्र २००८ साली लिलावात ३ कोटी ३६ लाख डॉलरला गेलं. किंमत म्हणजे गुण नव्हे, मान्य. पण मोडीचा भाव तुम्ही काढलात म्हणून सांगितलं.

पटलेली अर्धी बाजू अशी. आमच्याकडच्या प्रदर्शनांत तोच वाईचा घाट, तीच पितळी घागर, तोच फेटेवाला म्हातारा येतो. प्रोजेक्टरवर फोटो टाकून रेघा गिरवायच्या, वर सफाईदार रंग भरायचा आणि त्याला वास्तववाद म्हणायचं. तिथं तुमचा हमाली हा शब्द चपखल बसतो.

आणि हो, मेणवलीचं चित्रही फोटोवरूनच केलं होतं. पावसानं घाटावर बसू दिलं नाही, आणि घरी बसून मी शेवाळी पायऱ्यांच्या सावल्यांत सरळ काळा ओतला. तुम्ही बरोबर पकडलंत. चित्र भिंतीवरून उतरवलंय. उघडीप मिळाली की सकाळी सातला घाटावर असेन. येणार असाल तर छत्री मात्र तुमची तुम्ही आणा.