काळा टॅटू आमच्या पार्लरमध्ये का काढत नाही

ताई, नमस्कार. मुलाच्या दंडावर काळ्या मेंदीचा विंचू काढून द्यायला आम्ही नाही म्हणालो, म्हणून "गिऱ्हाईक परत पाठवतात, फार तोरा आहे" असं लिहून तुम्ही एक स्टार दिलात. लग्नघाईत तुम्हाला हेलपाटा पडला, राग येणारच. पण नाही का म्हणालो, ते सगळ्यांना वाचता यावं म्हणून इथंच लिहिते.

मेंदीच्या पाल्यात काळा रंग नसतोच. पाल्यातला लॉसोन नावाचा रंग आधी केशरी उतरतो, मग दिवस-दोन दिवसांत गडद होत लालसर तपकिरी होतो. तोही तळहातावर, दंडावर फिकाच राहतो. तासाभरात जे काळंकुट्ट उठतं त्यात बहुतेक वेळा पीपीडी असतं, म्हणजे केसांच्या डायमधलं रसायन. युरोपात डाय केसाला लावतानाही ते २ टक्क्यांच्या वर चालत नाही. अमेरिकेत कातडीवर लावायच्या सौंदर्यप्रसाधनांत त्याला परवानगीच नाही. यात्रेतल्या कोनात ते किती घातलंय, कुणाला ठाऊक?

माझ्याकडे मेंदी शिकायला येणाऱ्या एका मुलीनं मनगटावर असंच काळं फुलपाखरू काढून घेतलं होतं. आधी काहीच झालं नाही. मग खाज सुटली आणि रेषेरेषेवर पाण्याचे फोड आले. पंखांच्या आतली कातडी चांगली, रेषा तेवढ्या टरारून वर आलेल्या. फोड बसले, पण ती जागा पांढुरकी पडली, अजून तशीच आहे.

डागाचं एक वेळ चालेल. पण पीपीडीची अ‍ॅलर्जी एकदा बसली की ती सहसा जन्मभर सोडत नाही. आज विंचू काढलेलं लेकरू उद्या मोठं होऊन केसांना डाय लावेल, तेव्हा तोंड-डोळे सुजून दवाखाना गाठायची वेळ येऊ शकते. काहींना कपड्यांचे काही रंग, भूल देण्याची काही औषधंही मग सोसत नाहीत.

"इतरांना कुठं काय झालं?" असं तुम्ही विचारलंय. पहिल्या खेपेला बऱ्याच जणांना काही होत नाही, हे खरं. पण त्याच खेपेला शरीर ते रसायन ओळखून ठेवतं आणि पुढच्या वेळी उठतं. म्हणून लहान मुलांच्या बाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. पाला, लिंबू, साखर आणि निलगिरीचं तेल घालून भिजवलेल्या मेंदीचा विंचू मी आनंदानं काढून देईन. कार्याच्या दोन दिवस आधी या.

शेवटी यात्रेतून काळा टॅटू काढून घेतला, असंही तुम्ही लिहिलंय. दोन-तीन आठवडे त्या जागेवर लक्ष ठेवा. खाज, लाली, फोड काहीही दिसलं तर हळद किंवा टूथपेस्ट लावत बसू नका. इथं अंबाजोगाईत स्वारातीमध्ये, म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ सरकारी रुग्णालयात, चर्मरोग विभाग आहे, तिथं दाखवा आणि काळ्या मेंदीचा टॅटू होता हे डॉक्टरांना आधी सांगा.