पंचवीस लिटरमध्ये हजार फुटांची गच्ची होत नाही

सध्या एक सल्ला हातोहात पुढे जातोय : "कोणतंही पांढरं वॉटरप्रूफ कोटिंग घ्या. गच्चीच्या क्षेत्रफळाला डब्यावरच्या चौरस फुटांनी भागा, तेवढे लिटर आणा. थोडं पाणी घातलंत की आणखी पुरेल. दोन हात मारा, गळती बंद." यातला एकही मुद्दा जसाच्या तसा खरा नाही, आणि भुर्दंड पडतो तो ऐकणाऱ्याला.

सगळ्यात मोठी चूक भागाकारात आहे. डब्यावरचा आकडा बहुतेक वेळा एका हाताचा आणि गुळगुळीत पृष्ठभागाचा असतो. पाणी अडवतो तो वाळून उरलेला थर. तो किती जाड हवा हे माहितीपत्रकात मायक्रॉनमध्ये दिलेलं असतं. आधी ते बघा. एक लिटर कोटिंग एक चौरस मीटरवर पसरलं की ओला थर होतो १ मिलिमीटर, म्हणजे १००० मायक्रॉन. आकारमानाने त्यात निम्मा घनभाग (पाणी उडून गेल्यावर मागे राहणारा भाग) असेल, तर वाळल्यावर उरतात ५००.

आता ४० बाय २५ फुटांची गच्ची घ्या. डब्यावर लिटरला ४० चौरस फूट लिहिलंय, म्हणून सल्ल्याप्रमाणे २५ लिटर. पण कोटिंग कठड्यावर फूटभर तरी चढवायला हवं. घेर १३० फूट, म्हणजे १३० चौरस फूट वाढले. एकूण ११३०, साधारण १०५ चौरस मीटर. ५०० मायक्रॉन हवेत तर १०५ लिटर लागतील; खडबडीत पृष्ठभाग आणि नासधूस यांचे दहा टक्के धरले तर ११५. त्या जागी २५ लिटर ताणले तर हाती येतो जेमतेम १२० मायक्रॉनचा पापुद्रा! लिटरला ४० फुटांच्या दराने ५०० गाठायला दोन नाही, चार हात मारावे लागतात. डबा किलोत असेल तर आणखी जपा : घनता लिटरला १.३ किलो असेल, तर २० किलो म्हणजे सुमारे १५ लिटरच.

पाणी घालून घनभाग वाढत नाही, तोच जास्त जागेवर पातळ होतो. पहिला हात पातळ करायला कंपनीनेच सांगितलं असेल तर जरूर करा, पण तो जाडीत मोजू नका.

'कोणतंही' चालत नाही. ॲक्रिलिक उताराच्या छतावर चांगलं काम देतं, पण पाणी साचून राहिलं की मऊ पडतं आणि सुटतं. तिथे सिलिकॉन टिकतं. मात्र एकदा सिलिकॉन लावलं, की पुढे त्यावर सिलिकॉनशिवाय जवळजवळ काहीच धरत नाही, हे आधीच लक्षात घ्या. जुन्या डांबरी थरावर थेट पांढरं मारलं तर तपकिरी डाग वर येतात.

राहिली गळती. उन्हा-थंडीने उघडझाप करणारी भेग नुसत्या कोटिंगखाली दबत नाही, थर तिच्यावरच फाटतो. भेग साफ करून लवचीक सीलंट भरा आणि वरच्या दोन हातांच्या मध्ये जाळीची पट्टी दाबा.

आणि पूर्ण माल आणण्याआधी एक लहान डबा आणा. गच्चीवर एक चौरस मीटर खडूने आखा, तिथे कोटिंग लावण्याआधी आणि लावल्यावर डब्याचं वजन करा. तुमच्या स्लॅबवर एका हाताला खरंच किती लागतं, ते तिथेच कळेल.