टाइमशेअरला गुंतवणूक म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

गेल्या आठवड्यात पुण्यातल्या सहकारनगरच्या माझ्या मावशीचा फोन आला. काकांच्या निवृत्तीच्या पैशांतली चार लाखांची मुदत ठेव पुढच्या महिन्यात संपते आहे. ती पुन्हा बँकेत ठेवावी की "त्या टाइमशेअरमध्ये गुंतवावी", असे ती विचारत होती. पाठोपाठ तिने आमच्या नातेवाइकांच्या आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर दोन महिने फिरणारा संदेशच वाचून दाखवला. चार लाख एकदाच भरले की पंचवीस वर्षे दरवर्षी सात रात्री रिसॉर्ट मिळते, म्हणजे एक रात्र अवघ्या २,२८५ रुपयांना पडते. ही आपल्या मालकीची मिळकत असते. हॉटेलांचे दर वाढतात तशी तिची किंमत वाढते आणि हवी तेव्हा ती विकता येते. मुलांनाही ती वारशाने मिळते. आणि सहलीला गेला नाहीत तर मुदतीअखेर एफडीपेक्षा जास्त रक्कम परत मिळते, असे त्यात म्हटले आहे. आयुष्यभर हिशेबाने संसार केलेल्या मावशीला हे वाचून आपण इतकी वर्षे चुकलो असे वाटू लागले, याचा मला फार राग आला आहे.

संदेशातला शेवटचा दावा सर्वांत घातक आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करते. रात्री वापरल्या नाहीत तर वाढीव रक्कम परत, हे आश्वासन पुण्याला नवीन नाही. बाणेरमधले कितीतरी लोक आजही पत्ता सांगताना "पॅन कार्ड क्लब रोड" म्हणतात. ज्या पॅनकार्ड क्लब्ज कंपनीमुळे हे नाव रुळले, तिची योजना याच धर्तीची होती. लोकांकडून हॉटेलातल्या रात्रींचे पैसे आगाऊ घ्यायचे, आणि ज्यांनी त्या रात्री वापरल्या नाहीत त्यांना मुदतीअखेर ठरलेली वाढीव रक्कम द्यायची. पैसे भरणाऱ्यांच्या लेखी ती ठेवच होती. गुंतवणूक योजनांवर देखरेख ठेवणाऱ्या सेबी या नियामक संस्थेने जुलै २०१४ मध्ये अंतरिम आदेश काढून नवे पैसे घेण्यास मनाई केली. पुढे २९ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशात, ही नोंदणी न केलेली सामूहिक गुंतवणूक योजना आहे असा निष्कर्ष काढून, सुमारे ५१ लाख लोकांचे ७,०३५ कोटी रुपये परत करण्यास सांगितले. पैसे परत आले नाहीत. कंपनीच्या मालमत्तांचे लिलाव पुकारण्याची वेळ आली आणि पैसे भरलेले लोक वर्षानुवर्षे वाट पाहत राहिले.

त्या आदेशामागचा कायदा समजून घेण्यासारखा आहे, कारण या संदेशाला खरे उत्तर तोच देतो. अनेकांकडून पैसे एकत्र गोळा केले जातात, ते देणाऱ्याला परताव्याची अपेक्षा असते, त्या पैशांचा कारभार दुसरा कोणी पाहतो आणि पैसे देणाऱ्याचा दैनंदिन व्यवहारावर ताबा नसतो, असे असेल तर सेबी कायद्याच्या कलम ११अअ नुसार ती सामूहिक गुंतवणूक योजना ठरते आणि तिला सेबीकडे नोंदणी करावीच लागते. तिला क्लब म्हटले, सदस्यत्व म्हटले किंवा हॉलिडे प्लॅन म्हटले, तरी त्यात फरक पडत नाही. म्हणून "आमचा टाइमशेअर ही गुंतवणूक आहे" असे सांगणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा: सेबीचे नोंदणी प्रमाणपत्र कुठे आहे? ते नसेल तर दोनच शक्यता उरतात. एक तर तो खरोखरच परतावा देऊ करत आहे आणि योजना बेकायदा आहे, किंवा योजना केवळ सहलींची आहे आणि परताव्याची गोष्ट तो सही मिळवण्यासाठी रचून सांगत आहे. मावशीला देऊ केलेला प्रकार दुसरा निघाला. तिने आणलेल्या कराराच्या मसुद्यात, हे सदस्यत्व गुंतवणूक नाही आणि विक्री प्रतिनिधीने तोंडी दिलेले कोणतेही आश्वासन कंपनीवर बंधनकारक नाही, असे बारीक अक्षरांत स्पष्ट लिहिले होते. तो मसुदा तिला चष्मा लावून शांतपणे वाचण्याइतका वेळ कोणी दिलेला नव्हता.

मालकीच्या दाव्याबद्दल फार लिहायला नको. आपल्याकडे विकले जाणारे बहुतेक टाइमशेअर हे ठरावीक वर्षांसाठी वापराचे हक्क असतात. महाबळेश्वरमधल्या एखाद्या रिसॉर्टच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर तुमचे नाव येत नाही, तुमच्या नावे खरेदीखत होत नाही आणि इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा अधिकृत उतारा) मिळत नाही. पंचविसावे वर्ष संपले की हक्क संपतो. शेअर बाजारात नोंदलेल्या टाइमशेअर कंपन्या स्वतःच्या हिशेबातही ही रक्कम सदस्यत्वाच्या वर्षांवर वाटून सेवेचे उत्पन्न म्हणून दाखवतात.

ज्या हक्काचे वर्षागणिक आयुष्य कमी होते त्याची किंमत वाढेल कशी? पुनर्विक्रीची खरी स्थिती पाहायची असेल तर जुन्या वस्तूंच्या जाहिरातींत टाइमशेअर सदस्यत्व शोधून पाहावे. मूळ किमतीच्या बऱ्याच खाली देऊ करणारे लोक तिथे सापडतात, आणि हस्तांतराचे शुल्क वेगळे असते. त्याहून वाईट म्हणजे "तुमचे सदस्यत्व विकून देतो, आधी प्रक्रिया शुल्क भरा" असे फोन करणारे भामटे याच अडकलेल्या लोकांना गाठतात. वारशाच्या दाव्यातही अर्धेच सांगितले आहे, कारण उरलेल्या वर्षांबरोबर मुलांकडे वार्षिक देखभाल शुल्कही येते. ते थकले तर बुकिंग मिळत नाही.

आता २,२८५ रुपयांच्या रात्रीचा हिशेब. त्यात हेच वार्षिक शुल्क धरलेले नाही. मावशीच्या दरपत्रकात ते जीएसटीसह १८,००० रुपये होते. ते दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढेल असे धरले, तर पंचवीस वर्षांत सुमारे ८ लाख ५९ हजार रुपये होतात. मूळ चार लाख मिळवले की १७५ रात्रींना प्रत्येकी जवळपास ७,२०० रुपये पडतात, आणि जेवण वेगळे. उलट, तेच चार लाख साडेसहा टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला २६,००० रुपये व्याज येते. त्यात शुल्काचे वाचलेले १८,००० मिळवले, तर पहिल्या वर्षी सात रात्रींसाठी ४४,००० रुपये, म्हणजे रात्रीला सुमारे ६,३०० रुपये हाती राहतात, आणि मुद्दल जागेवर असते. व्याजावर कर लागू शकतो, हे मान्य आहे. तरीही दवाखान्याची वेळ आली तर ठेव मोडता येते, सदस्यत्व मोडता येत नाही.

एक गोष्ट मात्र मला नाइलाजाने मान्य करावी लागेल. ज्यांची मुले शाळेत आहेत, जे दिवाळीत किंवा मे महिन्यात दरवर्षी न चुकता बाहेर पडतात, ज्यांनी महागड्या हंगामाचे सदस्यत्व घेतले आहे आणि जे काही महिने आधी बुकिंग करू शकतात, अशा कुटुंबांना हा खर्च परवडू शकतो. माझ्या कार्यालयातले एक कुटुंब त्यात समाधानीही आहे. पण तो सहलीचा आगाऊ खर्च आहे. गुडघ्यांमुळे सिंहगडही सोडलेल्या सत्तरीतल्या जोडप्याला पुढची पंचवीस वर्षे विकणे मला अक्षम्य वाटते.

मावशीने ठेव नूतनीकरणाला दिली आहे. ज्यांची सही होऊन गेली असेल त्यांनी करारातली रद्द करण्याची मुदत आजच पाहावी. अनेक करारांत ती मोजक्याच दिवसांची असते. मुदत उरली असेल तर ईमेल आणि स्पीड पोस्ट, दोन्ही मार्गांनी रद्द करण्याचे पत्र पाठवावे आणि पोच जपून ठेवावी. मुदत गेली असेल आणि तोंडी आश्वासनांवर फसवणूक झाली असेल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडेही जाता येते. दोन वर्षांच्या आत जावे लागते, वकील सक्तीचा नाही आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रार शुल्क लागत नाही. संदेशाचे, दरपत्रकाचे आणि प्रतिनिधीशी झालेल्या संभाषणाचे स्क्रीनशॉट तोवर पुसू नयेत.