बाकाखालचं लेकरू

नागपुरात मानेवाड्याकडच्या एका शाळेत मी चौथीला शिकवते. दोन वर्षांपूर्वी वर्गात फार कल्ला चालला होता म्हणून मी डस्टर टेबलावर आपटलं. सगळे चिडीचूप. एक मुलगा मात्र बाकाखाली, दोन्ही हात डोक्यावर, पँट ओली. आणि मी म्हटलं, "काऊन रे, नाटकं करतो?" हे शब्द मला आजही झोपू देत नाहीत.

त्याच्या घरी काय घडलं होतं ते इथे लिहिणार नाही. ते त्याचं आहे.

आमच्या खिचडीवाल्या मावशी तांदळाचं ताट घेऊन आल्या आणि बाकाशेजारी फरशीवर बसल्या. "मी इथंच बसून आहो बेटा," एवढंच बोलल्या आणि तांदूळ निवडू लागल्या. थोड्या वेळानं एक छोटा हात बाहेर आला आणि खडे वेचू लागला.

मनाला मोठा धक्का बसलेल्या मुलानं असा आवाज ऐकला की ते आधी जीव वाचवायला बघतं, विचार मागून येतो. कोणी अंगावर धावतं, कोणी पळतं, कोणी थिजून जातं. आपण त्यांना उद्धट, पळपुटं, ढ ठरवून मोकळे होतो. डी.एड.ला मला हे कोणी शिकवलं नाही.

मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्यात अशा मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हवा तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, गणवेश न घालता घ्यायचा आहे. पण पोलिसांआधी त्याला बाई विचारतात, मग मुख्याध्यापक, मग काकू, मग शेजारी. "नीट सांग, खरं काय ते." दरवेळी ते लेकरू पुन्हा त्याच खोलीत जाऊन येतं! ऐकायचं, विश्वास ठेवायचा, खोदत बसायचं नाही आणि पोलिसांना किंवा १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला कळवायचं, एवढं तरी प्रत्येकाला यायलाच हवं.

सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे मूल महिन्यातून तासभर जाईल. बाकी सगळा वेळ ते आपल्याजवळ असतं. म्हणून अशा मुलांशी कसं वागायचं याचं प्रशिक्षण व्हॅनवाल्या काकांना द्या, वसतिगृहाच्या अधीक्षिकांना द्या, अंगणवाडी ताईंना द्या, सांभाळणाऱ्या आजीला द्या. आणि चहा, फोटो, प्रमाणपत्र असं एका दिवसात उरकू नका. कसं बसायचं, काय बोलायचं हे करून घ्या, दोन महिन्यांनी परत बोलवा, अडलेलं विचारू द्या. ऐकणाऱ्याच्याही मनावर ओझं येतं. आमच्या मावशींना त्या रात्री झोप लागली का, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही.

येत्या शिक्षण परिषदेत मी हे मांडणार आहे. मावशींना सोबत नेणार आहे. त्यांचा त्या दिवसाचा पैसा बुडू नये, एवढं मुख्याध्यापकांशी आधीच बोलून ठेवलंय.