संरक्षण खरेदीला 'अ‍ॅजाइल' हा उतारा नाही

लष्करी अधिकारी होण्यासाठीच्या सीडीएस परीक्षेच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्या माझ्या भाच्याने एक फिरता संदेश खरा मानून वहीत उतरवून घेतला, म्हणून हे लिहिणे भाग आहे. आयटी कंपन्यांप्रमाणे 'अ‍ॅजाइल' पद्धतीने, म्हणजे छोट्या टप्प्यांत, रोज आढावा घेत आणि सुधारणा करत काम केले, दोन आठवड्यांचे स्प्रिंट (असे छोटे टप्पे) लावले की लष्करी खरेदीतील विलंब संपेल, चाचण्यांत वेळ न दवडता शस्त्र आधी जवानाच्या हाती द्यावे आणि त्याच्या अनुभवावरून सुधारावे, अमेरिकेने एफ-३५ विमानाबाबत हे करून दाखवले आहे, असे त्यात ठासून सांगितले आहे.

चाचण्यांविषयीचा मुद्दा सर्वांत घातक आहे. मोबाइलचे अ‍ॅप बिघडले तर दुसऱ्या दिवशी दुरुस्ती पाठवता येते, पण तोफगोळा नळीतच फुटला तर तोफेजवळच्या जवानाचा अनुभव विचारायला तो उरत नाही. राजस्थानच्या उन्हाळ्यात आणि लडाखच्या हिवाळ्यात तोफ कशी चालते, हे त्या त्या ऋतूतच तपासावे लागते. २०१६ मध्ये आपल्याच वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या दारूगोळा भांडारात आग लागून अधिकारी, जवान आणि अग्निशमन कर्मचारी मृत्युमुखी पडले, तेव्हा सदोष रणगाडाविरोधी सुरुंगांकडे बोट दाखवले गेले होते. हे ठाऊक असताना चाचण्यांना घोळ म्हणणे अक्षम्य आहे.

एफ-३५चे उदाहरण तर संदेशाच्याच विरोधात जाते. सॉफ्टवेअरद्वारे दर सहा महिन्यांनी नवी क्षमता देण्याची तिथली योजना 'अ‍ॅजाइल'वरच आधारलेली होती. ठरलेल्या क्षमता वेळेवर मिळत नाहीत आणि काही दोष सॉफ्टवेअर विमानांत पोहोचल्यानंतर सापडतात, असे अमेरिकी संसदेच्या जीएओ या लेखापरीक्षण संस्थेने २०२१च्या अहवालात नोंदवले. पुढे नव्या संगणक यंत्रणेची विमाने चाचण्या अपुऱ्या असल्यामुळे जुलै २०२३पासून वर्षभर ताब्यातच घेतली गेली नाहीत.

विलंबाचे म्हणाल, तर ८३ तेजस मार्क-१ए विमानांचा करार फेब्रुवारी २०२१मध्ये झाला आणि त्यांच्यासाठीचे पहिले अमेरिकी इंजिन मार्च २०२५मध्ये मिळाले. परदेशी पुरवठादाराकडे अडलेले इंजिन आपल्या रोजच्या आढावा बैठकीने सुटत नाही.

आपली प्रक्रिया संथ आहे, एवढे मात्र मान्य करावे लागेल. १२६ लढाऊ विमानांची २००७ची निविदा २०१५मध्ये गुंडाळावी लागली. नियोजनाच्या सॉफ्टवेअरला 'अ‍ॅजाइल' पद्धत उपयोगी पडते, हेही खरे आहे. अमेरिकी हवाई दलाने कतारमधील अल उदैद तळावर हवेत इंधन भरण्याचे नियोजन फळ्यावरून संगणकावर आणले, ते असेच. २०२०मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने सॉफ्टवेअर खरेदीसाठी वेगळा मार्गही आखला. आपणही तेवढा मार्ग वेगळा करावा आणि बाकीच्या खरेदीत चाचण्यांना हात न लावता मंजुऱ्यांचे टप्पे कमी करावेत.