दोर कापायचे, पण गड चढल्यावर

व्हॉट्सअॅपवर एक मजकूर सध्या बराच फिरतो आहे. नोकरीत राहून धंदा होत नाही, परतीचे दोर कापा. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असला की पुरे. तारखा बघत बसणारा कधीच सुटत नाही. आणि पस्तिशीनंतर विसरा.

दोरांपासून सुरुवात करू. सूर्याजीने दोर कापल्याची गोष्ट आपण शाळेत ऐकली, पण तेव्हा मावळे वर पोचले होते. पायथ्याशी दोर कापून गड कोण घेणार? किर्लोस्कर उद्योगाचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवत असतानाच सायकली घेऊन बेळगावला पाठवत आणि भाऊ रामूअण्णा तिथे त्या विकत. पुढे बढती डावलली गेली आणि त्यांनी नोकरी सोडली, पण तोवर बेळगावात दुकान उभं होतं. निरमाचे करसनभाई पटेलही गुजरात सरकारच्या नोकरीत असतानाच घरी पावडर बनवून सायकलवरून दारोदार विकत. (आज सरकारी नोकरीत असाल तर आधी नियम बघा, परवानगीशिवाय धंदा करता येत नाही. खासगीत असाल तर नेमणूकपत्रातली जोडधंद्याची अट वाचा. ती बहुतेकांनी वाचलेलीच नसते.)

सहा महिन्यांचा हिशोब तर फारच गुलाबी आहे. त्यात घरखर्च धरलाय, धंदा रोज चालवायला लागणारं खेळतं भांडवल कुठे आहे? एप्रिलमध्ये काम केलं, मेमध्ये बिल दिलं. मग ‘साहेब बाहेरगावी आहेत’, ‘पुढच्या आठवड्यात नक्की करतो’, ‘बिलावर पीओ (खरेदी ऑर्डर) नंबर नाही, परत पाठवा’. पैसे येईस्तोवर ऑगस्ट उजाडतो, आणि तेही व्यावसायिक फी असेल तर बहुधा १० टक्के टीडीएस (आधीच कापला जाणारा आयकर) कापून. तो परत मिळाला तरी आयकर विवरणपत्र भरल्यावर. सरकारच्या ‘उद्यम’ पोर्टलवर नोंदणी असलेल्या छोट्या उद्योगाचं बिल फार तर ४५ दिवसांत चुकतं करायला हवं, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं, असा कायदा २००६ पासून आहे. पण एकुलत्या एक गिऱ्हाईकावर तक्रार ठोकायची छाती कुणाची होते? म्हणून मी महिने मोजत नाही. दोन-तीन वेगवेगळ्या पार्ट्यांकडून पैसे खात्यात जमा झाले का, एवढंच विचारतो. ‘तू सुरू कर, काम देतो’ म्हणणारे मित्र या मोजणीत धरायचे नाहीत.

आता तारखा. ग्रॅच्युइटीसाठी (नोकरी सोडताना मालकाकडून मिळणारी एकरकमी रक्कम) कायम नोकराला साधारणपणे ५ वर्षं सलग भरावी लागतात. ती ज्या पगारावर धरतात तो ४०,००० असेल, तर ५ वर्षांची रक्कम सुमारे १ लाख १५ हजार होते. साडेचार वर्षांवर जोशात राजीनामा टाकला, तर ती गेली. पीएफही ५ वर्षांच्या आत काढला तर सहसा करपात्र होतो. गृहकर्जाला बँका स्वयंरोजगारवाल्याकडे दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागतात. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो. नवी पॉलिसी घेतलीत तर जुन्या आजारांना ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, हे नोकरीत असतानाच विचारा. घरात मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर मी हे ग्रॅच्युइटीच्याही आधी बघेन.

पस्तिशीचं म्हणाल, तर लक्ष्मणरावांचा जन्म १८६९चा आणि त्यांच्या कारखान्याचं गाव किर्लोस्करवाडी १९१०चं. वजाबाकी तुम्हीच करा.

मजकुरातलं एक मात्र खरं आहे: नोकरी वेळ खाते. वेळ नाही म्हणून पैसे देणारी गिऱ्हाइकं दर महिन्याला परत पाठवावी लागत असतील, तर द्या राजीनामा. फक्त नोटीस पिरियड भांडण न करता पूर्ण करा, कारण पहिल्या वर्षातलं बरंचसं काम जुन्या ऑफिसातल्या ओळखीतूनच येतं.